डिएंगच्या डोंगरगावात राहायचंय? व्हिसा, गावची नोंद आणि जमिनीचे कागद

इंडोनेशियातल्या जावा बेटाच्या मधोमध, समुद्रसपाटीपासून सुमारे 2,000 मीटर उंचीवर डिएंगचं पठार आहे. अर्जुन, भीम, घटोत्कच, श्रीकांडी अशा नावांची सातव्या-आठव्या शतकाच्या सुमाराची शैव देवळं इथे आहेत. (नावं देवळांइतकी जुनी नाहीत, ती बरीच मागाहून पडली.) चहूबाजूंना बटाट्याची वावरं, मधूनच वाफा सोडणारी गंधकाची विवरं आणि सकाळ-संध्याकाळ धुकं. इथे चार दिवस काढलेला माणूस परतताना एक प्रश्न हमखास विचारतो : इथे एखादं घर मिळेल का हो?

भाड्याने मिळेल. विकत मिळणार नाही, आणि ‘मिळवून देतो’ म्हणणाऱ्यापासून लांब राहायचं. भारतीय पासपोर्टवर इथे काही आठवडे, काही महिने किंवा काही वर्षं राहायचं असेल तर कोणते कागद लागतात, ते पुढे सविस्तर दिलं आहे.

आधी जिल्हा कोणता ते पाहा

डिएंग हे एक पठार असलं तरी कारभार दोन जिल्ह्यांत वाटलेला आहे. डिएंग कुलोन म्हणजे पश्चिमेकडचं गाव बांजारनगारा जिल्ह्यात, बातूर तालुक्यात येतं. अर्जुनाचं देऊळ याच बाजूला. डिएंग वेतान, म्हणजे पूर्वेकडचं गाव, वोनोसोबो जिल्ह्यात, कजाजार तालुक्यात. जावातलं सर्वांत उंचावरचं गाव म्हणून ओळखलं जाणारं सेंबुंगानही वोनोसोबोतच. दोन्ही डिएंग एकमेकांना खेटून आहेत, पण जमिनीचं कार्यालय वेगळं, नागरिक नोंदणी कार्यालय वेगळं. घर बघायला जाल तेव्हा पहिला प्रश्न भाड्याचा नको, ‘हे घर कोणत्या काबुपातेनमध्ये?’ हा विचारा. काबुपातेन म्हणजे जिल्हा, कचामातान म्हणजे तालुका, देसा म्हणजे गाव. त्याखाली दुसुन, म्हणजे वाडी. आणि सगळ्यात खाली आरडब्ल्यू (काही आरटी मिळून एक) आणि आरटी.

आरटी म्हणजे काही घरांचा गट आणि त्याचा निवडलेला प्रमुख. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी इथे शेजारगटांची पद्धत आणली, तिचंच हे रूप. या प्रमुखाला सगळे ‘पाक आरटी’ म्हणतात. सरकारी पगारदार नाही, बहुधा शेतकरीच, पण गावातलं तुमचं पहिलं ‘कार्यालय’ तोच.

किती दिवस राहायचं, त्यावर व्हिसा

महिना-दोन महिन्यांसाठी विमानतळावर मिळणारा व्हिसा पुरे. भारतीयांना तो मिळतो. शुल्क 5,00,000 रुपिया (इंडोनेशियाचं चलन), मुदत 30 दिवस, आणि एकदाच आणखी 30 दिवस वाढवता येतो. ऑनलाइन आधीच काढून ठेवला तर विमानतळावरची एक रांग वाचते. पासपोर्टची मुदत किमान 6 महिने शिल्लक हवी आणि परतीचं किंवा पुढचं तिकीट हवं. पोचण्याआधीच्या तीन दिवसांत ‘ऑल इंडोनेशिया’ हा आगमनाचा अर्ज ऑनलाइन भरायचा. मुदतवाढीचा अर्ज ऑनलाइन करता येत असला तरी फोटो आणि मुलाखतीसाठी इमिग्रेशन कार्यालयात स्वतः जावं लागतं. वोनोसोबो शहरात असं कार्यालय आहे, त्यामुळे सेमारांग या मोठ्या शहरापर्यंत उतरायची गरज पडत नाही. मुदत संपायच्या आदल्या दिवशी मात्र जाऊ नका. मुदत उलटून गेल्यावर दिवसाला 10,00,000 रुपिया दंड आहे, आणि 60 दिवसांपेक्षा जास्त उशीर झाला तर देशाबाहेर काढून पुन्हा प्रवेशाला बंदी घालतात.

त्याहून जास्त राहायचं तर सी-1 हा पर्यटन व्हिसा. सुरुवातीला 60 दिवस, मुदतवाढ घेत एकूण 180 दिवसांपर्यंत. अर्जाला पासपोर्टची प्रत, फोटो आणि खात्यात किमान 2,000 डॉलर असल्याचं बँकेचं विवरण लागतं.

वर्षभर राहून परदेशातल्या कंपनीचं काम लॅपटॉपवर करणाऱ्यांसाठी ई-33-जी आहे. त्याला वर्षाचं उत्पन्न 60,000 डॉलर दाखवावं लागतं. ‘दुसरं घर’ या प्रकारचा ई-33 व्हिसा पाच किंवा दहा वर्षांचा. त्यासाठी इंडोनेशियाच्या सरकारी बँकेत स्वतःच्या नावावर 1,30,000 डॉलरची ठेव हवी. नाव ‘दुसरं घर’ असलं तरी त्याने जमिनीची मालकी मिळत नाही. अनेकांचा इथेच घोटाळा होतो.

पर्यटन व्हिसावर काम करता येत नाही, हे सगळ्यांना माहीत असतं. पण गावच्या शाळेत हौसेने इंग्रजी शिकवणं, ओळखीच्याच्या होमस्टेचं बुकिंग सांभाळणं, हेही त्यात येऊ शकतं, मग पगार मिळो न मिळो. इंडोनेशियाच्या 2011च्या इमिग्रेशन कायद्यात व्हिसाच्या गैरवापराला 5 वर्षांपर्यंत कैद आणि 50 कोटी रुपियांपर्यंत दंड आहे. आकडा भयंकर वाटतो, आपल्या पैशांत तो काही लाखांत येतो. खरी भीती कैदेची आणि हद्दपारीची.

गावात पोचल्यावर : चोवीस तासांचा नियम

जावातल्या कुठल्याही वस्तीत गल्लीच्या तोंडाशी एक पाटी दिसते, बहुतेक वेळा हातानेच रंगवलेली : ‘तामू हाराप लापोर 1×24 जाम’. पाहुण्यांनी चोवीस तासांच्या आत नोंद करावी. ही पाटी फक्त परदेशी माणसासाठी नसते. जकार्ताहून पुतण्या मुक्कामाला आला तरी त्याचीही नोंद पाक आरटीकडे व्हायची असते.

हॉटेलात उतरलात तर परदेशी पाहुण्याची माहिती इमिग्रेशनच्या ‘आपोआ’ प्रणालीत भरणं हॉटेलवाल्याचं काम. खाजगी घरात उतरलात तर ते घरमालकाच्या अंगावर येतं, आणि डोंगरातल्या घरमालकाला ते माहीत असेलच असं नाही. म्हणून पासपोर्टच्या आणि व्हिसाच्या दोन-तीन झेरॉक्स घेऊन घरमालकासोबत पाक आरटीच्या घरी जायचं. दारात ‘कुलोनुवुन’ (येऊ का आत?) म्हणायचं, चपला बाहेर काढायच्या. थंडीच्या दिवसांत बैठक बहुधा स्वयंपाकघरातच बसते, चुलीजवळ. चहा पुढे येतो, तो प्यायचा. वही उघडली जाते, नाव, पासपोर्ट क्रमांक, किती दिवस, कोणाकडे, एवढं लिहिलं जातं. अर्धा तास मोडतो, पण पुढे काही अडलं तर याच माणसाची सही लागते.

वर्षाचा निवास परवाना म्हणजे किटास मिळाला असेल तर आणखी एक पायरी आहे. परवाना मिळाल्यापासून 14 दिवसांच्या आत जिल्ह्याच्या नागरिक नोंदणी कार्यालयात, ज्याला सगळे दुकचापिल म्हणतात, नोंद करून राहत्या पत्त्याचा दाखला घ्यायचा. पासपोर्ट, किटास, आरटी-आरडब्ल्यूचं पत्र, फोटो आणि भाडेकरार बरोबर ठेवा. कार्यालयागणिक एखादा कागद कमी-जास्त होतो. कायमचा परवाना म्हणजे किताप असलेल्या परदेशी माणसाला ओळखपत्रही मिळतं. पत्ता बदलला तर कळवावं लागतं. आणि डिएंग वेतानमधून रस्ता ओलांडून डिएंग कुलोनमध्ये राहायला गेलात तर जिल्हाच बदलतो, हे वर आलंच आहे.

घर भाड्याने घेताना

करार लेखी, इंडोनेशियन भाषेत, आणि त्यावर 10,000 रुपियांचं मुद्रांक तिकीट. खेड्यात महिन्याच्या भाड्यापेक्षा वर्षाचं भाडं एकदम द्यायची पद्धत जास्त. पैसे रुपियातच द्यायचे, देशांतर्गत व्यवहार डॉलरमध्ये करायला तिथे मनाई आहे. घरभाड्यावर 10 टक्के कर असतो, तो कोण भरणार हे करारात लिहून घ्या. नाहीतर वर्षाअखेरीस वाद ठरलेला.

त्याआधी घर समोरच्या माणसाचंच आहे का, ते पाहायचं. सगळ्यांत पक्का कागद म्हणजे सेर्तिफिकात हाक मिलिक, पूर्ण मालकीचं प्रमाणपत्र. डोंगरी गावांत अजून पुष्कळ जमिनींकडे ते नाही, गाव कार्यालयाच्या वहीतली ‘लेटर सी’ नावाची जुनी नोंद तेवढी असते. सरकारने 2021च्या नियमावलीत अशा जुन्या कागदांना पाच वर्षांची मुदत दिली होती. ती फेब्रुवारी 2026मध्ये संपली, आता हे कागद मालकीचा पुरावा मानले जात नाहीत, जमीन कोणाकडे होती याचा धागा म्हणूनच उपयोगी. घरमालक जमीनकराची पावती दाखवेल. ती असावी, पण आपल्याकडे घरपट्टीची पावती म्हणजे मालकी नव्हे, तसंच तिथेही. प्रमाणपत्र असेल तर जमीन कार्यालयाच्या ‘सेंतुह तानाहकू’ या ॲपवर ते तपासून पाहता येतं. गाव कार्यालयात जाऊन विचारणं त्याहून चांगलं, कारण भावाभावांत वाटणी झालेली नाही, ही गोष्ट ॲप सांगत नाही.

जागाही बघा, नुसते कागद नको. जुलै-ऑगस्टात पहाटे पारा शून्याखाली उतरतो, बटाट्याची पानं हिमाने करपतात. कौलाखाली लाकडी तक्तपोशी नसेल तर रात्र काढणं कठीण. आणि विवरांपासून अंतर किती, ते गावकऱ्यांना विचारा. 1979मध्ये सिनिला विवराजवळ बाहेर पडलेल्या विषारी वायूने 149 माणसं मेली. बातूर तालुक्यातल्या तिम्बांग विवराच्या अंगाला स्वस्तात घर मिळत असेल तर ते का स्वस्त आहे, हा प्रश्न स्वतःला विचारायचा.

मालकीचं काय?

इंडोनेशियाचा जमीन कायदा 1960चा. त्यानुसार हाक मिलिक, म्हणजे पूर्ण मालकी, फक्त इंडोनेशियन नागरिकाला. परदेशी माणसाला हाक पाकाई, म्हणजे वापराचा हक्क, घेता येतो : 30 वर्षं, मग 20, मग पुन्हा 30. पण त्याला वैध इमिग्रेशन कागद लागतात, एका कुटुंबाला साधारणपणे एकच भूखंड आणि तो 2,000 चौरस मीटरपर्यंत, शिवाय घराची सरकारने ठरवलेली किमान किंमत असते. ती अब्ज रुपियांच्या हिशेबात आहे. डिएंगमधलं पत्र्याचं-विटांचं साधं घर त्या रकमेच्या जवळपासही जात नाही, म्हणून ही वाट कागदावर असली तरी या गावांत चालत नाही.

शेतजमीन तर विसराच. शेतजमिनीचा मालक त्याच तालुक्यात राहणारा हवा, असा 1961चा नियम आहे. जकार्तात राहणाऱ्या इंडोनेशियन माणसालाही तो आडवा येतो. शेतकरी नसेल तर शेती घेता येत नाही, हे महाराष्ट्रात ज्यांनी अनुभवलंय त्यांना यात नवल वाटणार नाही. शिवाय उतारावरची काही वावरं सरकारी वनजमीन असते, पेरहुतानी या सरकारी कंपनीच्या ताब्यातली. गावकरी तिथे पिढ्यान्‌पिढ्या कसत असला तरी ती विकायचा हक्क त्याला नाही.

मग एजंट सुचवतो : जमीन माझ्या मेहुण्याच्या नावावर घेऊ, तुम्ही पैसे द्या, तो तुम्हाला कर्जाचा करार आणि कायमचं मुखत्यारपत्र लिहून देईल. याला नॉमिनी म्हणतात. 1960च्या कायद्याच्या 26व्या कलमात असा व्यवहार मुळातच रद्द ठरतो, जमीन सरकारजमा होते आणि दिलेले पैसे परत मागता येत नाहीत. तसलं न रद्द होणारं मुखत्यारपत्र जमिनीच्या व्यवहारात 1982पासून बंद आहे. मेहुणा सज्जन असला तरी काय? उद्या तो गेला की त्याच्या मुलांच्या नावावर जमीन चढते, आणि तुमच्याकडे उरतो एक कागद जो कोर्टात दाखवायचीही सोय नाही.

जोडीदार इंडोनेशियन असेल तर

जोडीदाराच्या आधारावर किटास मिळतो आणि लग्नाला दोन वर्षं झाल्यावर कितापसाठी अर्ज करता येतो. पण लग्नाची नोंद आधी नीट व्हायला हवी : दोघंही मुस्लिम असतील तर केयूए या धार्मिक कार्यालयात, इतर धर्मीयांची दुकचापिलमध्ये. दोघांचा धर्म वेगळा असेल तर अडचण आहे. 2023मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कनिष्ठ न्यायालयांना परिपत्रक काढून अशा लग्नांच्या नोंदणीला परवानगी देऊ नका, असं सांगितलं. भारतातला जन्मदाखला, लग्नाचा दाखला न्यायचा तर त्यावर परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचं प्रमाणपत्र, लागतं (इंडोनेशिया 2022पासून ते मानतो) आणि तिथल्या शपथबद्ध भाषांतरकाराकडून भाषांतर. अविवाहित असल्याचं पत्र जकार्तातल्या भारतीय वकिलातीकडून घ्यावं लागतं.

दुसरी गोष्ट लग्नाआधीच ठरवा. वेगळ्या मालमत्तेचा करार केला नाही तर लग्नानंतर घेतलेली जमीन दोघांची धरली जाते, आणि परदेशी जोडीदारामुळे इंडोनेशियन जोडीदाराचा मालकी हक्कही गोत्यात येतो. पूर्वी हा करार लग्नाआधीच करावा लागे. 2016मध्ये घटना न्यायालयाने लग्नानंतरही करायची मुभा दिली. वारसाहक्काने जमीन आलीच तर परदेशी वारसाने एका वर्षाच्या आत ती विकायची किंवा सोडायची.

पैसे भारतातून पाठवताना

रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस या परदेशी पैसे पाठवण्याच्या योजनेखाली वर्षाला 2,50,000 डॉलरपर्यंत पाठवता येतात, 10 लाख रुपयांवरच्या रकमेवर टीसीएस हा आगाऊ कर कापला जातो, तो विवरणपत्रात वळता करून घेता येतो. परदेशातलं घर पाच वर्षांपर्यंतच्या भाडेकराराने घेतलं तर ते परदेशी मालमत्ता घेण्याच्या फेमा (परकीय चलन कायदा) नियमांत येत नाही. म्हणून पाच वर्षांचा करार आणि मग नवा, हे दोन्हीकडच्या कायद्यांना सोयीचं. तिथल्या बँकेत खातं उघडलं तर ते आपल्या प्राप्तिकर विवरणपत्रात परदेशी मालमत्तेच्या रकान्यात दाखवा.

वर चढताना

योग्याकार्ता किंवा सेमारांगला उतरून आधी वोनोसोबो गाठायचं, तिथून डिएंग 26 किलोमीटर. चढावर छोट्या मिनीबस चालतात, अंधार पडल्यावर त्यांची आशा धरू नका. स्वतः दुचाकी चालवायची असेल तर निघण्याआधी आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना घ्या : फॉर्म 4-ए, 1,000 रुपये, मुदत एक वर्ष. तुमच्या मूळ लायसन्सवर दुचाकीचा शिक्का नसेल तर त्या परवान्यावरही येणार नाही, आणि मग घाटात अपघात झाला तर प्रवास विमा कंपनी दावा नाकारायला मोकळी. ऑगस्टात डिएंग कल्चर फेस्टिव्हल असतो. घर बघायला त्या आठवड्यात गेलात तर मुक्कामाला खोली मिळणार नाही आणि भाडंही तुम्हाला वर्षभराचं खरं भाडं म्हणून कळणार नाही.