बिनतारी ब्रॉडबँड कंपन्यांतील गुंतवणूक

रेडिओलहरींवरून घरात किंवा खिशात जलद इंटरनेट पोचवणाऱ्या दूरसंचार कंपन्यांच्या समभागांत पैसा लावणे. या धंद्यात ग्राहक वाढले म्हणजे भागधारकाचे भले झाले असे नसते. लिलावात स्पेक्ट्रम (ठरावीक रेडिओलहरी वापरण्याचा हक्क) घेणे, मनोरे उभारणे हा अवाढव्य खर्च आधी होतो. वसुली मात्र महिन्याच्या रिचार्जमधून, वर्षानुवर्षे चालते. जाळे उभे राहिले की दर थोडे चढताच नफा झपाट्याने वाढतो; उतरले तर कर्जाचे व्याजही निघत नाही.

पुण्याला हा खेळ लवकर पाहायला मिळाला. २०१० साली २३०० मेगाहर्ट्झ पट्ट्याचा लिलाव झाला. त्यात मुंबई हे स्वतंत्र सर्कल (परवान्याचे सेवाक्षेत्र) होते आणि पुणे महाराष्ट्र सर्कलमध्ये. महाराष्ट्राचा एक वाटा एअरटेलला मिळाला, मुंबईचा क्वालकॉमला. त्यामुळे कोलकाता व बंगळुरूपाठोपाठ ऑक्टोबर २०१२ मध्ये एअरटेलची फोर-जी सेवा पुण्यात आली आणि मुंबई मागे राहिली. पण त्यावर चालणारे फोनच बाजारात जवळपास नव्हते. सेवा डोंगल आणि घरच्या राउटरपुरती उरली. लवकर पोचण्याचा मान मिळाला, कमाई नाही.

त्या लिलावात सहा कंपन्यांनी बाजी मारली. पैकी चौघींचा (क्वालकॉम, टिकोना, एअरसेल, ऑजियर) स्पेक्ट्रम पुढे एअरटेलकडेच आला. इन्फोटेलने (हीच पुढे जिओ झाली) १२,८४८ कोटी रुपयांत देशभरचा स्पेक्ट्रम घेतला आणि त्याच दिवशी रिलायन्सने ४,८०० कोटींत तिचा ९५ टक्के हिस्सा विकत घेतला. मूळ परवाना केवळ डेटाचा होता. २०१३ मध्ये आणखी १,६५८ कोटी भरून त्यावर आवाजाची सेवा देण्याची मुभा मिळवण्यात आली. जिओची सेवा सुरू झाली सप्टेंबर २०१६ मध्ये. सहा वर्षे कमाईविना थांबणे तेलशुद्धीकरणाचा पैसा पाठीशी असलेल्यालाच परवडते. त्यानंतरच्या दरयुद्धात एअरसेल व रिलायन्स कम्युनिकेशन्स दिवाळखोरीत गेल्या, व्होडाफोन व आयडिया एकत्र आल्या.

तंत्रज्ञान चुकले तरी पैसा बुडतो. वायमॅक्स या पुढे मागे पडलेल्या बिनतारी तंत्रावर भिस्त ठेवलेली अमेरिकेतील क्लिअरवायर २००७ मध्ये २५ डॉलरला बाजारात आली. २०१३ मध्ये स्प्रिंट या दूरसंचार कंपनीने तिचे उरलेले समभाग पाच डॉलरने घेतले. तिच्याकडे स्पेक्ट्रम भरपूर होता, हे विशेष.

भारतात सर्वांत बेभरवशाचा धोका सरकारी देण्यांचा. २४ ऑक्टोबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने समायोजित सकल महसुलाची (ज्या उत्पन्नावर सरकारी शुल्क आकारले जाते त्याची) सरकारी व्याख्या मान्य केली आणि कंपन्यांवर हजारो कोटींची थकबाकी आली. व्होडाफोन आयडियाच्या देण्यांचे २०२३ व २०२५ मध्ये समभागांत रूपांतर होऊन सरकारचा हिस्सा सुमारे ४९ टक्क्यांवर गेला. कंपनी तगली, जुन्या भागधारकाचा वाटा मात्र पातळ झाला.

जमेची बाजू अशी की आता खासगी कंपन्या तीनच उरल्या आहेत. जुलै २०२४ मध्ये तिघींनीही दर वाढवले. त्या वर्षीच्या डिसेंबर तिमाहीत प्रतिग्राहक मासिक महसूल एअरटेलचा २४५ रुपये, जिओचा २०३ रुपये होता. कंपनी जोखताना ग्राहकसंख्येपेक्षा हा आकडा आणि कर्ज आधी पाहावे.

सप्टेंबर २०२३ मध्ये जिओ एअरफायबर, म्हणजे मनोऱ्यावरून बिनतारी येणारे घरचे इंटरनेट, ज्या आठ शहरांत आले त्यांत पुणेही होते. येथे केबल टाकायची तर महापालिकेचे खोदाई शुल्क भरा, पावसाळ्यात थांबा. त्यापेक्षा सोसायटीच्या गच्चीवर डबा बसवणे सोपे. मात्र घरातला टीव्ही दिवसभर डेटा ओढतो आणि मनोऱ्याची क्षमता तीच असते, म्हणून असा ग्राहक वाटतो तितका स्वस्त पडत नाही.

मनोऱ्यांनाही शेवटी जमिनीखालची फायबर लागतेच. म्हणून काही गुंतवणूकदार सेवा कंपन्यांऐवजी पुण्याच्या स्टरलाइट टेक्नॉलॉजीज किंवा फिनोलेक्स केबल्स यांसारख्या केबल-उत्पादकांकडे वळतात. त्यांना स्पेक्ट्रमचे कर्ज नसते, पण सेवा कंपन्यांनी खर्चाला हात आखडला की या व्यवसायातील मागणीही लगेच आटते.