तारीख पुढे गेली की गेम सुधारतो का? जुन्या लांबणीवरच्या खेळांची पार्श्वभूमी

नोव्हेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात मी लातुरात बहिणीकडे होतो. सकाळी क्लासला निघालेला भाचा दारात बूट घालता घालता म्हणाला, "मामा, जीटीए सिक्स परत पुढं ढकलला. आता डायरेक्ट पुढच्या नोव्हेंबरात." आणि मग, लेस बांधताना, "एवढा वेळ घेतल्यावर तरी चांगला येईल ना?" मी घाईत 'येईल की' म्हणालो. ते उत्तर अर्धवट होतं, म्हणून हे लिहायला घेतलं.

आधी ताजी गोष्ट. ग्रँड थेफ्ट ऑटोचा सहावा भाग २०२५ मध्ये येणार असं कंपनीनं पहिल्या ट्रेलरसोबत, डिसेंबर २०२३ मध्ये सांगितलं होतं. मे २०२५ मध्ये ती तारीख २६ मे २०२६ झाली आणि नोव्हेंबरात १९ नोव्हेंबर २०२६. जीटीए बनवणाऱ्या रॉकस्टार कंपनीला ही सवय जुनीच आहे. चौथा भाग ऑक्टोबर २००७ ऐवजी एप्रिल २००८ मध्ये आला. पाचवा काही महिने लांबून १७ सप्टेंबर २०१३ ला आला आणि तीन दिवसांत त्याची विक्री एक अब्ज डॉलरवर गेली. रेड डेड रिडेम्प्शन २ दोनदा पुढे ढकलला गेला आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये आला. तिन्ही खेळांना समीक्षकांनी डोक्यावर घेतलं. पण एवढ्यावरून 'लांबला की चांगला' असा नियम काढणं मला पटत नाही. तारीख लांबवायची तर शेकडो माणसांचे पगार आणखी वर्षभर चालू ठेवावे लागतात. ज्याला ते झेपतं त्याच्याकडे आधीपासूनच चांगली माणसं, पैसा आणि नाव असतं. त्यामुळे गेम लांबल्यामुळे चांगला झाला, की चांगला गेम करण्याची ऐपत असलेल्यालाच लांबवणं परवडलं, हे वेगळं करून पाहावं लागतं.

या विषयावर बोलताना निन्टेंडो या जपानी कंपनीतले गेम बनवणारे शिगेरू मियामोतो यांच्या नावावर एक वाक्य हमखास येतं: लांबलेला गेम शेवटी चांगला होतो, घाईत काढलेला मात्र कायमचा वाईट राहतो. मियामोतो हे बोलल्याचा भरवशाचा पुरावा मात्र मिळत नाही. अशा अर्थाचं बोलणं नव्वदच्या दशकात अमेरिकेतल्या गेम बनवणाऱ्यांमध्ये रूढ होतं आणि त्या काळात ते शब्दशः खरं होतं. गेम कार्ट्रिजमध्ये (यंत्रात खुपसायच्या छोट्या डबीत) भरून बाजारात गेला की त्यातली चूक दुरुस्त करणं कोणाच्याही हातात राहत नसे.

त्या घाईचं सर्वांत जुनं ठळक उदाहरण म्हणजे १९८२ चा ई.टी. हा गेम. त्याच नावाचा सिनेमा तुफान चालला होता, अटारी या गेम कंपनीला नाताळच्या खरेदीत गेम हवा होता. हॉवर्ड स्कॉट वॉरशॉ या एकट्या प्रोग्रामरला तो बनवायला सुमारे पाच आठवडे मिळाले. गेम आपटला आणि न खपलेला माल पुढे १९८३ मध्ये न्यू मेक्सिकोतल्या ॲलामोगोर्डोच्या कचरा डेपोत पुरला गेला. एप्रिल २०१४ मध्ये तो उकरून काढला तेव्हा ई.टी.ची कार्ट्रिज खरोखर सापडली.

याच्या अगदी उलट उदाहरण मला फार आवडतं. गोल्डनआय हा जेम्स बाँडचा सिनेमा नोव्हेंबर १९९५ मध्ये आला. त्यावरचा गेम ब्रिटनमधल्या रेअर या कंपनीतली दहाएक माणसं करत होती आणि त्यातल्या बहुतेकांनी त्याआधी एकही गेम केलेला नव्हता. सिनेमा येऊन गेला, थिएटरातून उतरला, तरी गेम तयार नव्हता. तो ऑगस्ट १९९७ मध्ये आला. चौघांनी एकाच टीव्हीचे चार तुकडे करून एकमेकांवर गोळ्या झाडायच्या, ज्या भागामुळे तो गेम घराघरात गेला, तो भाग शेवटच्या सहाएक महिन्यांत जोडलेला होता. सिनेमासोबत गेम काढायचा हट्ट धरला असता तर तो झालाच नसता. इथे वाढीव वेळ एका नेमक्या, खेळायला मजा येणाऱ्या गोष्टीवर खर्च झाला.

हाफ-लाइफचंही तसंच. तो १९९७ च्या शेवटी यायचा होता. तो बनवणाऱ्या वाल्व कंपनीच्या लोकांनी स्वतःच खेळून पाहिला आणि त्यांना तो मजेदार वाटला नाही. मग एका छोट्या गटानं सगळ्या चांगल्या कल्पना एकाच पातळीत भरून पाहिल्या, ती पातळी खेळताना सगळे गुंतले आणि तिच्या मापानं बाकीचा गेम नव्यानं उभा केला. नोव्हेंबर १९९८ मध्ये तो आला. नेमकं काय बिघडलंय, हे त्यांना तारीख पुढे ढकलताना माहीत होतं.

आमचे दाजी औशाजवळ कोरडवाहू शेती करतात. पाऊस पडला म्हणून ते लगेच तिफण घालत नाहीत. रानात वाफसा यावा लागतो. चिखलात पेरलं तर बी कुजतं आणि दुबार पेरणी नशिबी येते. पण वाफसा आल्यावरही जो आठवडाभर बसून राहतो, त्याच्या रानातली ओल उडून जाते. थांबण्याची ही दुसरी बाजू गेमच्या इतिहासात ड्यूक न्यूकेम फॉरएव्हर या नावानं नोंदलेली आहे. १९९७ मध्ये घोषणा झाली. पुढच्याच वर्षी खालचं इंजिन, म्हणजे ज्या सॉफ्टवेअरवर गेम उभा असतो ते, बदललं, म्हणजे झालेलं बरंच काम पुन्हा करणं आलं. बाजारात नवं काही दिसलं की ते आपल्यातही हवं, असं वर्षानुवर्षं चाललं. २००९ मध्ये पैसे संपले आणि टीम घरी गेली. दुसऱ्या कंपनीनं उरलंसुरलं जोडून जून २०११ मध्ये गेम बाजारात आणला. चौदा वर्षांनी. समीक्षकांनी तो शिळा म्हणून बाजूला ठेवला.

इंटरनेट आल्यावर गेम विकल्यानंतरही दुरुस्त करता येऊ लागला, हा सगळा हिशेबच बदलला आणि मराठवाड्यातल्या माणसाला हा बदल जास्त लागला. २००५-०६ च्या सुमारास मी लातुरातल्या कॅफेत तासाला दहा-पंधरा रुपये देऊन व्हाइस सिटी हा जीटीएचाच जुना गेम खेळायचो. भारनियमनाचे दिवस होते. यूपीएस टीं-टीं करायला लागला की सगळं सोडून गेममधली गाडी गेममधल्याच घराकडे पळवायची, कारण सेव्ह तिथल्या गुलाबी कॅसेटवर गेल्याशिवाय होत नसे. ते गेम कॉपी केलेल्या सीडीवरून, पुढे पेन ड्राइव्हवरून गावोगाव फिरले. ज्या दिवशी सीडी आली त्या दिवशीचा गेम तोच शेवटचा. पुण्या-मुंबईतला ब्रॉडबँडवाला नंतर पॅच, म्हणजे दुरुस्तीची फाइल, उतरवून घेई, आमच्याकडे तसली सोय नव्हती. आजही दिवसाला दीड-दोन जीबीच्या रिचार्जवर शंभर जीबीचा गेम आणि त्यामागून येणारी दुरुस्ती उतरवणं म्हणजे दोनेक महिन्यांचं काम. म्हणून 'आधी काढा, मग दुरुस्त करा' या पद्धतीचा भार सर्वांवर सारखा पडत नाही.

या पद्धतीचं सर्वांत मोठं उदाहरण सायबरपंक २०७७. घोषणा २०१२ ची. तारीख आधी १६ एप्रिल २०२०, मग १७ सप्टेंबर, मग १९ नोव्हेंबर, शेवटी १० डिसेंबर. एकाच वर्षात तीनदा लांबणीवर. शेवटच्या टप्प्यात कर्मचाऱ्यांना आठवड्याचे सहा दिवस कामाला लावलं, आणि आधी तर तशी सक्ती करणार नाही असं कंपनीनं सांगितलेलं होतं. समीक्षकांना आधी पीसीवरची आवृत्ती मिळाली होती, त्यामुळे सुरुवातीचे शेरे उत्तम होते. मग प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वन या जुन्या कन्सोलवाल्यांनी (कन्सोल म्हणजे टीव्हीला जोडायचं गेमचं यंत्र) गेम लावला आणि तो धड चालेना. आठवडाभरात प्लेस्टेशनवाल्या सोनीनं तो आपल्या स्टोअरवरून काढला. परत यायला जून २०२१ उजाडला. आज लोक सायबरपंकची स्तुती करतात ती सप्टेंबर २०२३ च्या २.० अपडेटनंतरच्या गेमची. माझ्या मते ती मधली पावणेतीन वर्षं हीच खरी लांबण होती, फक्त ती ग्राहकाच्या पैशावर झाली. आणि २०२० मधले तीन विलंब मिळूनही अपुरेच होते: जुन्या कन्सोलला तो गेम पेलत नव्हता, ते सात-आठ महिन्यांत सुटणारं दुखणं नव्हतं.

आपल्याकडचं उदाहरण फौ-जी या मोबाइल गेमचं. २ सप्टेंबर २०२० ला पबजी मोबाइलवर बंदी आली आणि दोनच दिवसांत फौ-जीची घोषणा झाली. आधी ऑक्टोबर-नोव्हेंबर, मग २६ जानेवारी २०२१. आमच्याकडे फोन हाच कन्सोल, त्यामुळे त्या दिवशी पोरं सकाळपासून प्ले स्टोअर उघडून बसली होती. आला तो गलवानच्या पार्श्वभूमीवरचा, एकट्यानं खेळायचा, हाणामारीचा गेम. मित्रांची चौकडी घेऊन खेळायची सोय त्यात नव्हती. लोक पबजीच्या जागी काहीतरी मागत होते. दोन महिने जास्त घेऊन ते अंतर भरण्यासारखं नव्हतं. रेटिंग घसरलं.

विलंबाची एक माणुसकीची बाजूही नोंदवायला हवी. ॲनिमल क्रॉसिंग: न्यू होरायझन्स २०१९ मध्ये यायचा होता. काम करणाऱ्यांवर ताण पडू नये म्हणून तो पुढे ढकलत आहोत, असं निन्टेंडोनं उघड सांगितलं. २० मार्च २०२० ला तो आला, जग घरात बंद झालं त्याच दिवसांत, आणि कोट्यवधी लोकांनी तो घेतला. यातलं यश विलंबाचं किती आणि योगायोगाचं किती, हे कोणी तराजूत तोलून दाखवू शकणार नाही. पण माणसं न थकवता केलेला गेम बरा निघतो, असं मला मनापासून वाटतं.

रात्री भाचा क्लासहून आला तेव्हा हे सगळं त्याला सांगितलं. त्याचं लक्ष दुसरीकडेच होतं. जीटीए सिक्सची घोषणा प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीजपुरती आहे आणि त्याच्या टेबलावर पीसी आहे. पाचवा भाग पीसीवर कन्सोलनंतर १९ महिन्यांनी आला होता. २०१४ हुकलं, मग २७ जानेवारी २०१५, मग २४ मार्च, शेवटी १४ एप्रिल. पीसीवर तो उत्तम चालला. "म्हणजे माझी तारीख अजून लागलीच नाही," असं म्हणून त्यानं फिजिक्सचं पुस्तक उघडलं.