वल्हांडण आणि भाताचा तंटा

वल्हांडण म्हणजे पेसाह, ज्यूंचा आठवडाभराचा सण. या आठवड्यात ज्यू घरात खमीर चालत नाही, याबद्दल वाद नाही. गहू, जव, ओट, राय आणि स्पेल्ट नावाचा जुना गहू ही पाच धान्यं. त्यांचं पीठ भिजवल्यापासून १८ मिनिटांच्या आत भाजलं नाही, तर ते खमीर धरतं आणि मग घरात ठेवणंही वर्ज्य. तंटा आहे तो भाताचा.

तांदूळ त्या पाचांत नाही. उलट सेडरच्या, म्हणजे सणाच्या पहिल्या जेवणाच्या, रात्री ताटात कोणते दोन शिजवलेले पदार्थ असावेत, या प्रश्नावर ताल्मूद या ज्यूंच्या प्राचीन धर्मग्रंथात रब हुना या पंडितांचं उत्तर आहे, बीट आणि भात! बंदी आली ती तेराव्या शतकाच्या आसपास, फ्रान्सकडून. कारणं अगदी कोठीघरातली: तांदूळ-डाळींच्या पोत्यात गव्हाचे दाणे निघायचे, आणि डाळीच्या पिठाची भाकरी बघून कुणी गव्हाचीही चालते असं समजेल ही धास्ती. तांदूळ, डाळी, वाटाणे, मोहरी हे सगळं ‘कितनियोत’ म्हणून बाजूला पडलं. चौदाव्या शतकात रब्बेनू येरुहाम या धर्मपंडितांनी या रिवाजाला सरळ मूर्खपणा म्हटलं, पण रिवाज टिकला. सोळाव्या शतकात योसेफ कारो यांनी ‘शुल्हान आरुख’ या धर्मनियमांच्या ग्रंथात भाताला परवानगी दिली. त्याच ग्रंथावर टिपा लिहिताना क्राकोच्या मोझेस इस्सर्लेस यांनी आमच्याकडे, म्हणजे अश्केनाझींत (मध्य आणि पूर्व युरोपातल्या ज्यूंत), चालत नाही असं नोंदवलं. एकाच पानावर दोन स्वयंपाकघरं.

कोकणातल्या बेने इस्राएल ज्यूंना हा पेच पडलाच नाही. त्यांचा भात सुटला नाही, तांदळाची भाकरीही नाही. १८७४ साली पुण्यात हिब्रू-मराठी हग्गादा, म्हणजे सेडरच्या रात्री वाचायचा ग्रंथ, छापला गेला. त्यातल्या चित्रांत साड्या नेसलेल्या बायका जमिनीवर बसून बेखमीर भाकरी करताना दिसतात. पुढे यातली बरीच कुटुंबं इस्राएलला गेली, तिथे अश्केनाझींशी सोयरिकी झाल्या, आणि फ्रान्समधला जुना तंटा मराठी सुनांच्या ओट्यावर आला.

रूढी सांगते, बायकोने नवऱ्याकडची रीत धरावी. प्रत्यक्षात जो तो आपापलं ठरवतो. कुणी सासरी सोडतं आणि माहेरी खातं. कुणी भात टाळतं, पण मोहरीची फोडणी सोडवत नाही. डाळीवाचून आठवडा काढायचा म्हणजे शाकाहारी माणसाची पंचाईतच. अमेरिकेतल्या ज्यूंच्या कन्झर्व्हेटिव्ह पंथाच्या धर्मसमितीने २०१५ मध्ये अश्केनाझींनाही कितनियोत खायला मुभा दिली. तरी आजीने कधी खाल्लं नाही म्हणून हात आखडणारे आहेतच, आणि माझ्या मते त्यात गैर काही नाही.

एकत्र जेवायला मात्र अडत नाही. इस्सर्लेस कडक खरे, पण बंदी भात खाण्यावर आहे, तो घरात ठेवण्यावर नाही, हे त्यांनाही मान्य होतं. भाताचं चुकार शीत पडलं म्हणून कालवण बाद होत नाही, हेही. त्यामुळे भात खाणाऱ्या घरी पाहुणे येतात, भाताचं पातेलं पुढे सरकवतात आणि बटाट्याचा रस्सा वाढून घेतात.