कुळागराचं तिकीट किती असावं?

गोव्याच्या फोंडा तालुक्यात केरी, कुर्टी, सावई वेरें या पट्ट्यातल्या मसाल्याच्या बागेत पर्यटक शिरला की एका तिकिटात त्याला बरंच काही मिळतं. स्वागताला फुलं आणि गवती चहा. मग वाटाड्याबरोबर पोफळी, मिरीचे वेल, जायफळ, दालचिनी, अननस यांच्यामधून फेरी. एका पोफळीवरून दुसरीवर झोका घेऊन जाणारा पाडेली, म्हणजे झाडावर चढून नारळ-सुपाऱ्या पाडणारा माणूस, दिसला की सगळे मोबाइल वर होतात. शेवटी पोटभर जेवण, आणि हवा असेल तर फेणीचा घोट. पर्यटकाची सोय होते हे खरं, पण यातले बागेसाठी किती आणि जेवणासाठी किती पैसे मोजले, हे त्या तिकिटावरून कुणालाच सांगता येत नाही.

मोठ्या बागांना याचं फारसं सोयरसुतक नसतं. अडचण होते ती लहान कुळागराची, म्हणजे गोव्यातल्या पारंपरिक बागायतीची. झऱ्याचं पाणी पाटाने फिरवून माड, पोफळी, केळी, मिरी एकावर एक मजल्यांसारखी लावलेली ही बागायत राखायला माणसं लागतात, आणि पाडेली मिळणं आता मुश्कील झालं आहे. अशा बागायतदाराला बसभर माणसांचा स्वयंपाक झेपत नाही. त्याला फक्त तासाभराची फेरी द्यायची आहे. त्याने दर काय लावावा?

येणाऱ्यालाच विचारावं, हा पहिला विचार. पण म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात आपण जास्तीत जास्त किती देऊ हे कुणी विक्रेत्याला आधी सांगतं का? आपल्या उत्तरावरून दर ठरणार असं वाटलं की माणूस आकडा खाली ओढतो. उलट, नुसती पाहणी चालली आहे, खिशातून काही जाणार नाही असं कळलं की तोच माणूस उदार होतो. समोर यजमान हसतमुख उभा असेल तर आणखीच.

बाजारात ज्यांची किंमत ठरत नाही अशा गोष्टींचं मोल लोकांना विचारूनच काढायचं, यासाठी अर्थशास्त्रज्ञ गेली साठ-सत्तर वर्षं खपत आहेत. अमेरिकेत रॉबर्ट डेव्हिस यांनी 1963च्या आपल्या प्रबंधासाठी मेन राज्याच्या जंगलात येणाऱ्या शिकाऱ्यांना आणि भटक्यांना गाठून, आकडा चढवत चढवत त्यांची मर्यादा शोधली. उत्तरं मिळाली, पण ती खरी किती?

याचा छडा रिचर्ड बिशप आणि थॉमस हेबरलाइन यांनी लावला. अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातल्या हॉरिकॉन भागात रानहंसांच्या शिकारीचे परवाने सरकार फुकट देत असे. 1978च्या हंगामात या दोघांनी काही परवानाधारकांना टपालाने खरेखुरे धनादेश पाठवले: परवाना परत करा आणि पैसे ठेवा. बाकीच्यांना नुसते कल्पनेतले प्रश्न विचारले. खऱ्या पैशांच्या हिशेबात परवान्याचं मोल सरासरी 63 डॉलर निघालं. ‘किती मिळाले तर परवाना सोडाल?’ या काल्पनिक प्रश्नाला 101 डॉलर आणि ‘परवाना मिळवायला किती द्याल?’ याला फक्त 21. परवाना तोच, हंगाम तोच, आणि आकडे तीन! हा प्रयोग मला या विषयातला सगळ्यात शहाणा प्रयोग वाटतो, कारण त्यात लोकांच्या शब्दांशेजारी त्यांचा व्यवहारही ठेवला आहे.

पुढे हा वाद कोर्टकचेरीपर्यंत गेला. मार्च 1989मध्ये अलास्काजवळ एक्सॉन वाल्डेझ हे तेलवाहू जहाज खडकावर चढलं आणि सुमारे 4 कोटी लिटर तेल समुद्रात गेलं. बिघडलेल्या किनाऱ्याचं मोल लोकांना विचारून ठरवायचं का, यावर नोबेल विजेते केनेथ अॅरो आणि रॉबर्ट सोलो यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. तिच्या 1993च्या अहवालातली एक शिफारस आपल्या कुळागरालाही लागू पडते: ‘किती द्याल?’ असं मोकळं विचारू नका. एक ठरावीक आकडा सांगा आणि ‘हो की नाही’ एवढंच विचारा.

एकेका ‘हो-नाही’तून काय कळणार? युक्ती अशी की प्रत्येकाला आकडा वेगळा सांगायचा, तोही चिठ्ठ्या टाकल्यासारखा, गाडी किंवा कपडे बघून नव्हे. समजा 100 रुपयांना शंभरातले 80 जण हो म्हणाले, 200 रुपयांना 55, 300 रुपयांना 35 आणि 400 रुपयांना 20. हे आकडे माझ्या मनचे आहेत, पण उतार साधारण असाच असतो. गल्ला धरला तर 100 रुपयांच्या दराने 8,000, 200 रुपयांनी 11,000, 300 रुपयांनी 10,500 आणि 400 रुपयांनी पुन्हा 8,000. म्हणजे दर 200 ठेवावा?

घाई नको. वाटाड्या, पेय, साफसफाई मिळून प्रत्येक पाहुण्यामागे 50 रुपये खर्च होत असतील, तर हातात उरतात 200च्या दराने 8,250 आणि 300च्या दराने 8,750. महाग तिकिटाने वीस माणसं कमी आली तरी शिल्लक जास्त. शिवाय पाटाच्या कडा आणि ओली माती तुडवणारे पाय तेवढे कमी, आणि माझ्या मते लहान कुळागरासाठी ही बाब शिल्लक रकमेहून मोठी आहे. ‘लोक सरासरी किती द्यायला तयार आहेत’ हा आकडा अहवालात ठळक छापला जातो खरा, पण तो दर म्हणून लावला तर निम्म्याच्या आसपास माणसं दारातून परत जाऊ शकतात.

काहीच देणार नाही, म्हणजे शून्य म्हणणाऱ्यांकडेही नीट बघावं लागतं. एकाला फेरीत खरोखर रस नसतो. दुसऱ्याला रस असतो, पण ‘झाडं बघायचे कसले पैसे?’ हा त्याचा तत्त्वाचा प्रश्न असतो. तो निषेध नोंदवतो आहे, किंमत सांगत नाही. म्हणून शून्यामागचं कारण विचारून दोन्ही गट वेगळे काढतात. ज्याच्या मागीलदारी दहा पोफळी आणि भिरंडीचं (कोकमाचं) झाड आहे, असा फोंड्याचा किंवा सत्तरीचा माणूस यातल्या कुठल्याही गटात बसेल. त्याच्यासाठी वेगळा दर ठेवण्यात गैर काही नाही. ताजमहालला भारतीयांना 50 रुपये आणि परदेशी पाहुण्यांना 1,100 रुपये लागतातच.

न विचारताही अंदाज काढण्याचा एक मार्ग आहे. अर्थशास्त्रज्ञ हॅरॉल्ड हॉटेलिंग यांनी 1947मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान विभागाला पत्राने सुचवलं: लोक किती लांबून येतात आणि प्रवासावर किती खर्च करतात ते बघा, तीच त्यांनी मोजलेली किंमत. गोव्यात मात्र ही पद्धत अडखळते. मुंबईहून आलेलं कुटुंब कळंगुटच्या समुद्रासाठी आलेलं असतं, कुळागर ही मधल्या एका दिवसाची भर. त्याचं विमानभाडं पोफळींच्या खात्यावर लिहिता येत नाही. फार तर किनाऱ्यापासून फोंड्यापर्यंतच्या टॅक्सीचं भाडं धरता येईल. पणजीहून फक्त बागेसाठी येणाऱ्यांपुरती ही पद्धत चालते.

कल्पनेतला उदारपणा आटोक्यात आणायचे उपायही शोधले गेले आहेत. प्रश्नाआधी स्पष्ट सांगायचं की अशा पाहणीत लोक प्रत्यक्ष देतात त्याहून जास्त बोलतात, तेव्हा घरखर्च आठवून उत्तर द्या. ‘हो’ आलं की त्याची कितपत खात्री आहे तेही विचारायचं आणि डळमळीत ‘हो’ सरळ ‘नाही’त धरायचं.

पण ज्याच्याकडे बागच आहे त्याने प्रश्नावलीच्या फार मागे लागू नये. ज्या बागांत जेवण आहे त्यांनी फेरीचं आणि जेवणाचं तिकीट काही काळ वेगळं करावं. ज्यांच्याकडे नाही त्यांनी एका आठवड्याला एक दर, पुढच्याला दुसरा असं करून किती माणसं फाटकातून वळली तेही टिपावं. फक्त डिसेंबरचा आठवडा जूनच्या आठवड्याशी ताडू नये, आणि शनिवार-रविवारचा हिशेब वेगळा ठेवावा, नाहीतर दराचा परिणाम म्हणून आपण पावसाचाच परिणाम मोजत बसू.