रंग ओघळलेला बर्गर

पॉप आर्ट, म्हणजे रोजच्या वस्तू आणि जाहिरातींमधून विषय उचलणारी कला, म्हटलं की गुळगुळीत, छापील, जाहिरातीसारखी चित्रं डोळ्यांपुढे येतात. क्लेस ओल्डनबर्गची सुरुवातीची शिल्पं पाहिली की हा समज डळमळतो. त्याचे बर्गर, केक, सदरे वेडेवाकडे आहेत, खडबडीत आहेत आणि त्यांच्यावरचा रंग चक्क ओघळलेला आहे.

हा ओघळ कुठून आला? १९५०च्या दशकात न्यूयॉर्कवर अमूर्त चित्रकारांचं राज्य होतं. जॅक्सन पोलॉक जमिनीवर कॅनव्हास अंथरून त्यावर रंग ओतत, शिंपडत होता. १९२९मध्ये स्टॉकहोमला जन्मलेला, शिकागोत वाढलेला ओल्डनबर्ग १९५६मध्ये न्यूयॉर्कला आला, तो या वातावरणात. रंगाची ती मोकळीक त्याला हवी होती, पण नुसत्या कॅनव्हासवर नको होती.

वस्तूला रंग देण्याची वाट तशी जुनी. पिकासोने १९१४मध्ये ॲबसिंथ या मद्याच्या पेल्याची सहा ब्राँझ शिल्पं केली, प्रत्येक वेगळं रंगवलं आणि वर खरा चमचा ठेवला. १९६०मध्ये जॅस्पर जॉन्सने बिअरचे दोन डबे ब्राँझमध्ये घडवून हाताने रंगवले. त्यामागे एक टोमणा होता. गॅलरीवाले लिओ कास्तेली बिअरचे दोन डबेसुद्धा विकून दाखवतील, असं चित्रकार विलेम द कूनिंग म्हणाला होता. जॉन्सने डबे केले आणि कास्तेलींनी ते विकलेही!

ओल्डनबर्गने मग दुकानच थाटलं. डिसेंबर १९६१मध्ये मॅनहॅटनच्या लोअर ईस्ट साइड भागात, १०७ ईस्ट सेकंड स्ट्रीटवर, ‘द स्टोअर’ उघडलं. आसपास स्वस्त कपड्यांची आणि खाण्यापिण्याची दुकानं. त्यांच्या काचेमागे दिसणारा मालच याच्या फळ्यांवर आला. मागच्या बाजूला कारखाना, पुढे विक्री. किमती वाण्यासारख्या, सेंटपर्यंत लिहिलेल्या.

करण्याची रीत आपल्या वाचकांना परकी वाटणार नाही. तारेच्या जाळीचा सांगाडा, त्यावर प्लास्टरमध्ये बुडवलेलं मलमलीसारखं कापड. गणपतीच्या देखाव्यासाठी ज्यांनी कधी गोणपाटाचे डोंगर उभे केले असतील, त्यांचे हात हे ओळखतील. प्लास्टर वाळलं की घरा-दारांना देतात तो एनॅमल रंग डब्यातून थेट, न मिसळता. त्यामुळे लाल अगदी लाल, आणि चकाकी अशी की वस्तू अजून ओलीच वाटावी. कला संग्रहालयात बूड टेकून बसणारी नसावी, असं ओल्डनबर्गने त्याच काळात लिहिलं होतं. त्याचे ‘दोन चीजबर्गर’ १९६२चे. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने ते विकत घेतले.

१९६२च्या सप्टेंबरमध्ये प्रदर्शनासाठी न्यूयॉर्कच्या ग्रीन गॅलरीची मोठी जागा मिळाली. तिथे हातभर वस्तू हरवून गेल्या असत्या. म्हणून कापड शिवून, आत फोम आणि खोकी भरून प्रचंड वस्तू केल्या आणि जमिनीवरच मांडल्या. शिवणकाम मुख्यतः त्याची पत्नी पॅटीचं. तिच्या वाट्याला श्रेय बऱ्याच उशिरा आलं. त्यातला दोन मीटरहून रुंद बर्गर टोरांटोच्या संग्रहालयाने १९६७मध्ये घेतला, तेव्हा कलाशाखेचे विद्यार्थी केचपची भलीमोठी बाटली घेऊन निषेधाला आले. निषेधच, पण त्यांनी शिल्पाची भाषा बरोबर उचलली होती.

पुढे वस्तू इमारतींएवढ्या झाल्या. फिलाडेल्फियातला कपड्यांचा चिमटा (१९७६) पोलादाचा आहे, त्यावर रंगाचा प्रश्नच नाही. कोशा व्हान ब्रुगन या दुसऱ्या पत्नीसोबत केलेला मिनिआपोलिसचा चमचा आणि चेरी (१९८८) धातूचे, कारखान्यात घडवलेले. मला मात्र दुकानातला ओबडधोबड मालच अधिक जिवंत वाटतो. मिनिआपोलिसच्या चेरीवर ओघळ शोधूनही सापडत नाही. उघड्यावर, ऊन-बर्फात असल्याने ती अधूनमधून पुन्हा रंगवावी लागते, आणि दर वेळी तशीच गुळगुळीत.