घटनेची मर्यादा आणि लोकप्रतिनिधी

निवडून आलेला माणूस, मग तो खासदार असो, मंत्री असो की नगरसेवक, मतांच्या जोरावर वाट्टेल ते करू शकत नाही, त्याची सत्ता घटनेने आखलेल्या हद्दीतच चालते आणि हद्द ओलांडली तर जाब विचारायची सोयही घटनेतच असते, अशी ही व्यवस्था. कलम १३ (मूलभूत हक्कांविरुद्धचा कायदा रद्दबातल), कलम ३२ आणि २२६ खालच्या रिट (म्हणजे थेट सुप्रीम कोर्टात किंवा हायकोर्टात दाद मागायचे अर्ज), तिसऱ्या अनुसूचीतली घटनेशी निष्ठेची शपथ हे तिचे मुख्य आधार. संसदेच्या घटनादुरुस्तीच्या अधिकारालाही हद्द आहे हे केशवानंद भारती खटल्यात (१९७३) ७ विरुद्ध ६ मतांनी ठरलं, त्यावर भरपूर लिहिलं गेलंय.

सत्तेला हद्द घालायच्या या कल्पनेच्या उगमाबद्दल एकमत नाही. बहुतेक जण १२१५ च्या मॅग्ना कार्टापासून (इंग्लंडच्या राजाच्या अधिकारांना मर्यादा घालणारी सनद) सुरुवात करतात. कोल्हापूरकडचे अभ्यासक मात्र आज्ञापत्राकडे, म्हणजे मराठ्यांच्या राजनीतीवरच्या ग्रंथाकडे, बोट दाखवतात. ते साधारण १७१५-१६ चं धरतात (नेमक्या सालावर वाद आहे), कर्तृत्व बावड्याच्या रामचंद्रपंत अमात्यांचं मानलं जातं, आणि करवीरच्या (कोल्हापूरच्या) दुसऱ्या संभाजीराजांच्या कारकिर्दीतलं. त्यात आरमारासाठी लाकूड तोडताना रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावू नये, झाड जीर्ण असेल तर धन्याला राजी करून, पैसे देऊन मगच तोडावं असं सांगितलंय, म्हणजे सरकारच्या हातालाच लगाम. तरी याला संविधानिक मर्यादा म्हणणं जरा ताणल्यासारखं होतं, कारण झाड तोडलंच तर रयतेने राजाविरुद्ध दाद मागायची कुठे, याचं उत्तर त्यात नाही, ती राजनीतीची शिकवण आहे. त्यापेक्षा शेजारच्या औंध संस्थानचा दाखला जवळचा वाटतो, १९३९ मध्ये भवानराव पंतप्रतिनिधींनी लेखी घटना देऊन स्वतःचेच अधिकार कमी करून घेतले. त्याच साली कोल्हापूर संस्थानात प्रजा परिषद उभी राहिली आणि जबाबदार राज्यपद्धतीची (लोकप्रतिनिधींना उत्तरदायी सरकारची) मागणी लावून धरली, त्यातले रत्नाप्पा कुंभार पुढे संविधान सभेत गेले. संस्थान १ मार्च १९४९ ला मुंबई राज्यात विलीन झालं.

आजचं कोल्हापुरातलं सगळ्यात बोलकं उदाहरण महापालिकेचं. कलम २४३-यू सांगतं की पालिकेची मुदत पाच वर्षं, त्याहून जास्त नाही, आणि नवी निवडणूक मुदत संपायच्या आत. किशनसिंग तोमर खटल्यात (२००६) सुप्रीम कोर्टाने हे बंधनकारक असल्याचं स्पष्ट केलं. तरी कोल्हापूरच्या सभागृहाची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली आणि मतदान झालं १५ जानेवारी २०२६ ला, मधे प्रशासकराज, म्हणजे सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याचा कारभार. आधी कोरोना, मग प्रभागरचना, मग ओबीसी आरक्षणाचा तिढा (त्यामागे मार्च २०२१ चा सुप्रीम कोर्टाचा विकास गवळी निकाल, ठराविक अटी पाळल्याशिवाय स्थानिक संस्थांत हे आरक्षण देता येणार नाही असं सांगणारा), शेवटी ६ मे २०२५ ला सुप्रीम कोर्टाने चार महिन्यांत निवडणुका उरका असं सांगितलं आणि नंतर ती मुदतही ३१ जानेवारी २०२६ पर्यंत वाढवावी लागली. म्हणजे हद्द कागदावर अगदी स्वच्छ होती, ती ओलांडल्याबद्दल कुणाची खुर्ची मात्र गेली नाही.

उलट नगरसेवकांवरचं बंधन जास्त चटकन चावतं. राखीव जागेवरून निवडून आलेल्याने जातवैधता प्रमाणपत्र सहा महिन्यांत दिलं नाही तर पद आपोआप जातं, हे ऑगस्ट २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने कायम केलं तेव्हा कोल्हापुरातल्या बऱ्याच नगरसेवकांची पदं धोक्यात आली, आणि सरकारने लगेच कायदा बदलून मुदत बारा महिन्यांवर नेली. हे बंधन कायद्यातलं असल्याने विधिमंडळाला हलवता आलं, २४३-यू मधली पाच वर्षं तशी हलवता येत नाहीत, फार तर दुर्लक्षिता येतात.

दाद मागायची जागा मात्र आता जवळ आली. मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच (मुख्य ठिकाणाबाहेर बसणारं खंडपीठ) १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात सुरू झालं, कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग असे सहा जिल्हे त्याखाली, वकिलांची ही मागणी कित्येक दशकांची. त्यामुळे २२६ च्या रिटसाठी मुंबई गाठायची गरज उरली नाही. कोर्टाची वाट अशी जवळ आली, तरी आमदार-खासदाराला मुदतीआधी परत बोलवायचा अधिकार मतदाराला नाही.