ब्रिजिंग (न जुळणाऱ्या सोशल नेटवर्कांवरची खाती जोडणं)

एका विकेंद्रित (एकाच कंपनीच्या सर्व्हरवर न चालणाऱ्या) सोशल नेटवर्कवरचं आपलं खातं दुसऱ्याच नेटवर्कवरच्या लोकांना दिसावं, फॉलो करता यावं, त्यांना उत्तर देता यावं म्हणून मधे जी सोय बसवतात तिला ब्रिज म्हणतात. नागपूरकराला हे समजायला इतवारी स्टेशन पुरे. २०१९ पर्यंत तिथून नागभीडला नॅरोगेज जायची, रुळांमधलं अंतर ७६२ मिलिमीटर, आणि ब्रॉडगेजचं १६७६, दोन्ही रेल्वेच पण एकीचा डबा दुसरीवर चढतच नाही, माणूस असो की पोतं, उतरून गाडी बदलावीच लागायची. ब्रिज म्हणजे ही हमाली करणारा सर्व्हर.

मॅस्टोडॉन (२०१६) चालतं ॲक्टिव्हिटीपब या प्रोटोकॉलवर, म्हणजे सर्व्हरांनी एकमेकांशी बोलायच्या नियमांवर, जो डब्ल्यूथ्रीसी या वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेने जानेवारी २०१८ मध्ये मानक म्हणून मान्य केला. ब्ल्यूस्काय चालतं एटी प्रोटोकॉलवर, आणि नॉस्टर आणखी तिसरंच. तिन्ही विकेंद्रित, पण "ओळख" कशाला म्हणायचं इथेच त्यांचं जमत नाही: मॅस्टोडॉनवर खातं सर्व्हरच्या नावाला चिकटलेलं, ब्ल्यूस्कायवर डीआयडी नावाच्या कायमच्या ओळखीला, हँडल (@ लावून लिहितात ते नाव) बदला तरी ती तीच, आणि नॉस्टरवर फक्त चाव्यांची (लांबलचक सांकेतिक अक्षरांची) जोडी, खाजगी चावी हरवली की संपलं.

आपल्याकडे गरज पडते ती माणसं विखुरल्यामुळे. ऑक्टोबर २०१९ मध्ये ॲडव्होकेट संजय हेगडेंचं ट्विटर खातं बंद झालं तेव्हा नोव्हेंबरात भारतातले बरेच जण मॅस्टोडॉनवर गेले, मग फेब्रुवारी २०२४ मध्ये ब्ल्यूस्काय बिनआमंत्रण सगळ्यांना खुलं झालं अन् काही तिकडे. समजा नागपूरच्या महालातला एक भाऊ मारबतीचे (पोळ्यानंतर निघणाऱ्या पुतळ्यांच्या मिरवणुकीचे) फोटो मॅस्टोडॉनवर टाकून राहिला आणि त्याची ताई पुण्यात ब्ल्यूस्कायवर आहे, तर ताईला ते दिसणारच नाहीत.

इथे कामी येतो रायन बॅरेट यांनी बनवलेला ब्रिजी फेड नावाचा ब्रिज. भावाने मॅस्टोडॉनवरून ब्रिजी फेडचं ब्ल्यूस्कायसाठीचं बॉट (आपोआप चालणारं) खातं फॉलो करायचं, बस, मग ब्ल्यूस्कायवर भावाच्या खात्याची प्रतिकृती तयार होते आणि ताई ती फॉलो करते. पण ताईने खाली "काळी मारबत कुठे आहे रे?" असं विचारलं तर ते मॅस्टोडॉनवर भावाच्या पोस्टखाली तेव्हाच दिसतं जेव्हा ताईनेही आपलं खातं ब्रिज केलेलं असतं, आणि हे लोकांच्या लक्षातच येत नाही, मग समोरचा उत्तर देत नाही म्हणून उगाच राग. जुन्या पोस्ट जात नाहीत, फक्त फॉलोअर्ससाठी लिहिलेलं जात नाही. मॅस्टोडॉनची नेहमीची मर्यादा ५०० अक्षरं, ब्ल्यूस्कायची ३००, त्यामुळे लांब पोस्ट तिकडे कापली जाते आणि शेवटी मूळ लिंक येते. नॉस्टर आणि ॲक्टिव्हिटीपब यांच्यात मोस्टर नावाचा ब्रिज आहे.

सगळ्यात मोठा वाद परवानगीचा. फेब्रुवारी २०२४ मध्ये ब्रिजी फेड आपोआप सगळ्यांना जोडणार, नको असेल त्याने नाही म्हणायचं, अशी योजना समोर आली तेव्हा मॅस्टोडॉनवाले फार चिडले, आणि बरोबरच चिडले, कारण छोट्या सर्व्हरवर ओळखीच्यांत बोलणाऱ्या माणसाला न विचारता दुसऱ्या बाजारात नेऊन उभं करणं चूकच आहे. मग योजना बदलली, आता आधी हो म्हणावं लागतं. नंतर नको वाटलं तर त्या बॉटला ब्लॉक करायचं, प्रतिकृती काढली जाते, मात्र ॲक्टिव्हिटीपबवर डिलीट म्हणजे बाकी सर्व्हरांना गेलेली सूचना असते आणि एखाद्याने ती पाळली नाही तर पोस्ट तिथे राहतेच.